बेडकाच्या काचपेटीतील निचरा आणि पाण्याची गाळणी : बोअरचे जड पाणी व वारंवार जाणारी वीज लक्षात घेता मार्गदर्शन हवे

लातूरकर (प्रश्न) :
पैदास केंद्रात जन्मलेले, ऑस्ट्रेलियातील व्हाइट्स ट्री फ्रॉग या जातीचे दोन बेडूक ठेवण्यासाठी मी 60 × 45 × 60 सेंटीमीटरची काचपेटी घेतली आहे. तळाशी खडी, तिच्यावर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मागच्या भिंतीवरून पाझरणारा लहानसा धबधबा असा बेत आहे. दुकानदार कॅनिस्टर फिल्टर (पेटीबाहेर ठेवायचा, बंद डब्यातला गाळणी-पंप) घ्यायला सांगतो. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मिलिग्रॅम प्रति लिटर) 900 च्या आसपास आहे आणि उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. अशा परिस्थितीत कोणता फिल्टर घ्यावा, आणि तळाशी साचणारे पाणी बाहेर कसे काढावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

परभणीकर :
आपण फिल्टरचा विचार आधी केला आहे, पण माझ्या मते आधी निचऱ्याची सोय हवी, कारण अशा पेट्या बिघडतात त्या बहुधा तळाशी पाणी कुजल्यामुळे. खडीचा विचार सोडून द्यावा. आपल्या पेटीत 6 सेंटीमीटरचा थर द्यायचा तर सुमारे 16 लिटर माल लागतो. खडी घेतली तर तेवढ्याचे वजन 25 किलोच्या घरात जाते, तर रोपवाटिकेत मिळणाऱ्या भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचे, म्हणजे क्ले बॉलचे, 6-7 किलोच भरते. शोभेचे पांढरे संगमरवरी खडे तर मुळीच वापरू नयेत. ते हळूहळू विरघळतात आणि आधीच जड असलेले पाणी आणखी जड करतात.

या थरावर डासांची नायलॉनची जाळी अंथरून तिच्या कडा चारही बाजूंनी इंचभर वर वळवाव्यात, नाहीतर कोकोपीट कडेने खाली उतरते आणि गोळ्यांमधल्या पोकळ्या बुजतात. साचलेले पाणी जाळीला कधीही टेकता कामा नये, कारण कोकोपीट ते वर ओढून घेते, सतत ओले राहून त्यातली हवा संपते आणि मग सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो.

पाणी काढण्यासाठी मागच्या काचेला तळापासून दोन-तीन सेंटीमीटरवर भोक पाडून त्यात टँक कनेक्टर (टाकीला पाइप जोडणारा सांधा) आणि बॉल व्हॉल्व्ह (तोटी) बसवता येतो. मात्र काच टफन केलेली (उष्णतेने कडक केलेली) असेल तर भोक पाडताच तिचा चुरा होईल, म्हणून हे आधी काचवाल्याकडून तपासून घ्यावे. मला स्वतःला दुसरा उपाय अधिक पसंत आहे. मागच्या कोपऱ्यात, खालच्या टोकाला चिरा पाडलेला पीव्हीसी पाइप सर्व थरांतून तळापर्यंत उभा ठेवावा आणि बेडूक आत पडू नये म्हणून वरून टोपण लावावे. त्यातून एअर पंपाची बारीक नळी खाली सोडली, की वक्रनलिकेच्या (सायफनच्या) तत्त्वाने पाणी बादलीत उतरते आणि भोक, सिलिकॉन, गळती यांपैकी काहीच मागे लागत नाही.

अंबाजोगाईकर :
वरील मताशी सहमत आहे. फिल्टरबाबत थोडी भर घालतो. वीज काही तास गेली की बंद कॅनिस्टरमधला प्राणवायू संपतो, त्यातले उपयुक्त (अमोनियाचे विष कमी करणारे) जिवाणू मरू लागतात, आणि वीज आल्यावर तेच घाण पाणी पेटीत परत येते. धबधबा हवाच असेल तर साधा स्पंज फिल्टर आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप पुरेसा आहे. मात्र त्यातले जिवाणू स्थिरावण्यासाठी चार ते सहा आठवडे द्यावेत आणि तोवर बेडूक आणू नयेत. माझे मत विचाराल तर धबधबाच टाळावा. हे बेडूक रात्री पाण्याच्या भांड्यात बसतात आणि तिथेच घाण करतात, त्यामुळे दोन-तीन लिटरच्या भांड्यातील पाणी रोज बदलणे हे कोणत्याही फिल्टरपेक्षा खात्रीचे आहे. ज्या शहराला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथेही एवढे पाणी परवडते.

जड पाण्याचा धोका तोटीवरच्या पांढऱ्या थरापुरता नाही. बेडकाच्या मूत्रातील युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात, आणि पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) 7 वरून 8.2 वर गेला तर त्यातील विषारी अमोनियाचे प्रमाण त्याच तापमानाला दहा पटींहून अधिक होते. बोअरचे जड पाणी बहुधा याच, म्हणजे चढ्या सामूच्या, बाजूला झुकलेले असते. बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, पोटाखालच्या त्वचेतून शोषून घेतो. त्यामुळे पाण्यातले सारे काही थेट अंगात जाते. फवारणीला आरओचे पाणी घ्यावे. भांड्यासाठी त्यात थोडे साधे पाणी मिसळावे, कारण निव्वळ आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, म्हणून ते उघड्या भांड्यात दिवसभर ठेवावे किंवा मत्स्यालयाच्या दुकानातील क्लोरीन काढणारे औषध घालावे.

लातूरकर :
दोघांचेही आभार. धबधबा रद्द केला. काढलेले पाणी परसातल्या झाडांना घालावे, असा विचार आहे.

नांदेडकर :
कृपया तसे करू नये. कायट्रिड ही बेडकांच्या त्वचेवरची बुरशी, जिचे शास्त्रीय वर्णन 1999 मध्ये झाले, तिचे बीजाणू पाण्यातूनच पसरतात, आणि परदेशी बेडूक निरोगी दिसत असला तरी तिचा वाहक असू शकतो. परसातून ते पाणी विहिरीत किंवा ओढ्यात पोचले, तर पहिल्या पावसात बाहेर पडणाऱ्या आपल्या बेडकांना संसर्ग होण्याची भीती असते. बादलीत घरगुती ब्लीच घालून पाणी तासभर ठेवावे आणि मगच मोरीत ओतावे. ती बादली आणि नळी दुसऱ्या कामाला वापरू नये. पेटी मात्र घराच्या मधल्या खोलीत, उन्हाच्या भिंतीपासून दूर ठेवावी, कारण मे महिन्यात आपल्याकडे पारा 42 च्या वर जातो आणि या बेडकांना दिवसा 24 ते 29 अंश मानवते.