बेस गिटार टॅबवरून शिकणे : सोय की सवय?

खर्जप्रेमी (धागाकर्ता)

गेल्या दीड वर्षात मी रॉक गाणी बेस गिटारवर, म्हणजे खर्जाच्या जाड तारांच्या गिटारवर, बसवायला शिकलो, ते जवळजवळ पूर्णपणे टॅबच्या आधाराने. ज्यांना टॅब ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की त्यात चार आडव्या रेघा म्हणजे चार तारा, सर्वांत खालची रेघ जाड ई तारेची, तिच्यावर ए, डी आणि जी, आणि रेघेवरचा आकडा म्हणजे बोट कोणत्या फ्रेटला (दांड्यावरच्या पट्टीने आखलेल्या घराला) दाबायचे ते; शून्य असेल तर तार मोकळी. पहिल्याच संध्याकाळी ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ या बँडच्या ‘सेव्हन नेशन आर्मी’ची ओळखीची रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा छोटा सुरांचा तुकडा, ए तारेवर ७-७-१०-७-५-३-२ अशी वाजली आणि वाद्य विकत घेतल्याचे सार्थक वाटले. आता ज्यांच्याकडे शिकायला जातो ते गुरुजी म्हणतात की टॅब बंद करा, स्टाफ नोटेशन (पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी) शिका किंवा कानाने बसवा. मला हा आग्रह अनाठायी वाटतो. ज्याला व्यावसायिक वादक व्हायचे नाही, ज्याला रविवारी मित्रांबरोबर चार गाणी वाजवायची आहेत, त्याने दुसरी लिपी का शिकावी?

मात्रामोजणी

तुम्ही जे सात आकडे दिलेत तेच तुमच्या विरोधात साक्ष देतात. हे गाणे ज्याने कधी ऐकलेले नाही त्याला ते आकडे वाजवायला द्या. तो सातही सूर सारख्या अंतराने, शाळेतल्या पाढ्यासारखे वाजवील. प्रत्यक्षात पहिला सूर दीड मात्रेचा आहे, दुसरा अर्ध्या, पुढचे तीन मिळून दोन मात्रांत बसतात आणि शेवटचे दोन प्रत्येकी दोन मात्रा थांबतात. आठ मात्रांचा हा सगळा हिशेब म्हणजेच ती रिफ आहे, आणि त्यातले काहीही तुमच्या टॅबमध्ये नाही. तुम्हाला ती वाजवता आली कारण ती तुमच्या कानात आधीच होती. आपल्याकडे भातखंड्यांनी बंदिशी लिहिताना एका मात्रेत दोन-तीन स्वर आले तर त्यांच्याखाली अर्धचंद्र काढला, स्वर लांबला तर पुढे रेघ दिली, तालाची सम आणि ‘खाली’ दाखवली. स्वर लिहून काळ न लिहिणे त्यांना अर्धवट वाटले असते. बेस हे वाद्य तर ड्रमच्या पायाशी बांधलेले. त्याच्या विद्यार्थ्याला ‘कुठे’ सांगून ‘केव्हा’ न सांगणे म्हणजे एस.टी.चा थांबा दाखवून वेळापत्रक लपवणे होय.

जुनीलिपी

मात्रामोजणी यांचा रोख बरोबर आहे, पण आरोपी चुकला. टॅब ही काही संगणकाच्या काळातली पळवाट नव्हे; व्हेनिसमध्ये १५०७ साली छापलेल्या ल्यूटच्या (गिटारसारख्या जुन्या युरोपीय तंतुवाद्याच्या) पुस्तकात हीच पद्धत आहे आणि तिथे आकड्यांच्या वर काळ दाखवणाऱ्या खुणाही आहेत. दोष आहे तो साध्या टंकलिखित टॅबचा, जिच्यात रेघा आणि आकडे टाइप करताना काळाच्या खुणा गळून पडल्या. ‘गिटार प्रो’सारख्या संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये वर स्टाफ, खाली टॅब, असे दोन्ही एकत्र दिसते.

शिवाय एक गोष्ट स्टाफ नोटेशनमध्ये सहसा नसते. मोकळ्या ई तारेच्या एक सप्तक वरचा ई सूर बेसवर ई तारेच्या १२व्या, ए तारेच्या ७व्या आणि डी तारेच्या २ऱ्या फ्रेटवर असा तीन ठिकाणी मिळतो. कागदावर तिन्हींचे चिन्ह एकच. आवाज मात्र जाड तारेवर गुबगुबीत आणि डी तारेवर उजळ. यांतली जागा कोणती, हे टॅब सांगते.

मांडवीकाठ

माझे मत दोघांपेक्षा वेगळे आहे. आमच्या गोव्यात चर्चच्या संगीतशाळांत मुले नोटेशन वाचायला शिकत, आणि त्या वाचनाच्या बळावर कितीतरी गोमंतकीय वादकांनी मुंबईच्या चित्रपट-संगीताची वाद्यवृंदे पेलली. त्यामुळे वाचनाला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. तरीही रॉक शिकणाऱ्याने आधी ऐकावे असे मला वाटते, कारण टॅब लिहिणारा बहुधा आपल्यासारखाच एखादा हौशी असतो आणि त्याच्या चुका आपण निमूटपणे पाठ करतो.

खर्जप्रेमी

ऐकण्याचा उपदेश मला मान्य आहे, पण कशावर ऐकू? बेसची मोकळी ई तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते आणि मोबाइलच्या स्पीकरमधून तो मूळ सूर जवळजवळ बाहेरच येत नाही. आणि कानाचेच म्हणाल तर ‘सेव्हन नेशन आर्मी’ची ती रिफ मूळ ध्वनिमुद्रणात बेसवर नाहीच, त्या बँडच्या जॅक व्हाइटने ती साध्या गिटारवर, पेडलने (पायाने चालवायच्या उपकरणाने) सूर एक सप्तक खाली नेऊन वाजवली आहे. मीसुद्धा तिला बेसच समजत होतो. म्हणजे कानही फसतोच.

मात्रामोजणी

कान फसतो हे खरे, पण तो एकदा फसल्यावर सुधारतो; आकडा सुधारत नाही. आता दुसरे उदाहरण घेऊ. क्वीनचे १९८० चे ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’, जॉन डीकनने रचलेले आणि त्यानेच बेसवर वाजवलेले. टॅबमध्ये तुम्हाला ई तारेवर तीन शून्ये दिसतील आणि पुढे कोरी जागा. त्या कोऱ्या जागेत खरे काम आहे, कारण मोकळी तार आपण होऊन थांबत नाही. डाव्या हाताची बोटे तिच्यावर न दाबता नुसती टेकवून ती गप्प करावी लागते. नवशिका तिसऱ्या शून्यानंतर हात उचलतो, तार घुमत राहते आणि ती ठाशीव शांतता नाहीशी होते. स्टाफमध्ये तिथे विरामाचे चिन्ह असते, म्हणजे गप्प बसणेही वाजवण्याइतकेच स्पष्ट लिहिलेले असते.

खर्जप्रेमी

हा मुद्दा मला लागला. काल रात्री फोनवर स्वतःचे वाजवणे मुद्रित करून ऐकले आणि तार खरोखरच घुमत होती, तीही दीड वर्षे. तरी टॅब सोडणार नाही. छापलेल्या टॅबखाली पेन्सिलीने १, २, ३, ४ असे अंक लिहिले, त्यांच्या मध्ये ‘आणि’साठी, म्हणजे अर्ध्या मात्रेसाठी, टिंब दिले आणि जिथे तार गप्प करायची तिथे फुली मारली. आता पिंक फ्लॉइडचे ‘मनी’ घेतले आहे. सात मात्रांचे आवर्तन रूपक तालाच्या सवयीने मोजता येते, पण गिटारच्या सोलोला (एकट्या गिटारच्या वादनाला) गाणे चार मात्रांवर जाते आणि माझ्या टॅबमध्ये आकडे नुसते ओळीने पुढे चालू राहतात. ते वळण नेमके कोणत्या आकड्यावर येते हे कुणी सांगू शकेल का?

जुनीलिपी

सॅक्सोफोन संपतो तिथे. टॅब झाकून ड्रमकडे कान द्या आणि मग त्या जागी पेन्सिलीने उभी रेघ मारा.

मात्रामोजणी

आणि ती रेघ मारून झाली की इथे टॅबचे छायाचित्र लावा. माझी तुमच्याशी पैज आहे की तोवर तुम्ही टॅबच्या आकड्यांपेक्षा पेन्सिलीने लिहिलेले मात्रांचे अंकच जास्त वाचत असाल.