महाकाव्यातली माणसं बदलत नाहीत म्हणणाऱ्यांसाठी

गिरणाकाठ (चाळीसगाव)
काल वाघूरभाऊंनी इथे लिहिलं, की महाभारत असो, ग्रीकांचं इलियड असो नाहीतर मेसोपोटेमियाचं गिल्गमेश, या जुन्या काव्यांतली माणसं सुरुवातीला जशी असतात तशीच शेवटी. मरण तिथे फक्त कीर्ती कमावण्यापुरतं. माणूस आतून बदलतो, ही कल्पना म्हणे कादंबरीने आणली. त्याखाली सगळ्यांनी ‘अगदी बरोबर’ची रांग लावली म्हणून हा वेगळा धागा. जे थोर आहे त्याला असं लाकडी ठरवलेलं मला सोसत नाही.

गिल्गमेश घ्या. देवदाराच्या रानात हुंबाबा राक्षसाला मारायला निघताना हाच पठ्ठ्या आपल्या मित्राला, एन्किडूला सांगतो, की मेलो तरी नाव राहील. कीर्तीचं गणित त्याला तोंडपाठ. मग एन्किडू मरतो. सहा दिवस, सात रात्री हा प्रेत सोडत नाही. नाकातून अळी गळते तेव्हा सोडतो, आणि राजवस्त्रं टाकून, कातडं पांघरून, जो मरत नाही असा माणूस शोधायला पृथ्वीच्या टोकाला जातो. नावाचा हिशेब तिथल्या तिथे संपला. याला बदल म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

इलियडचा नायक अकिलीस नवव्या सर्गात स्वतःच सांगतो, की ट्रॉयला राहिलो तर लवकर मरेन पण कीर्ती उरेल, घरी गेलो तर म्हातारा होईन. म्हणजे मरण त्याला ठाऊक आहे. त्याने तो बदलला का? नाही. त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस हेक्टरच्या हातून पडला, आधी तो जनावर झाला, आणि चोविसाव्या सर्गात ज्या हातांनी हेक्टरला मारलं त्या हातांना त्याच हेक्टरचा बाप ओठ लावतो, तेव्हा याला आपला म्हातारा बाप आठवतो. दोघं एका तंबूत रडतात.

आणि अर्जुन. गीता त्याने प्रत्यक्ष ऐकली. आत्मा मरत नाही हे त्याच्याइतकं कोणाला सांगितलं गेलं? अभिमन्यू पडल्यावर मात्र उद्या सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन नाहीतर अग्नीत शिरेन, ही प्रतिज्ञा. पुढे आश्वमेधिक पर्वात तो कृष्णाला सरळ म्हणतो, तेव्हा सांगितलेलं मी विसरलो, पुन्हा सांग. कृष्ण नाराज होतो, तसंच्या तसं आता जमणार नाही म्हणतो, आणि अनुगीता सांगतो. मौसलपर्वात कृष्ण गेल्यावर द्वारकेच्या बायकांना घेऊन निघालेल्या अर्जुनाला आभीर लुटारू गाठतात, तर गांडीव ओढवत नाही, अस्त्रं आठवत नाहीत. ज्ञानाने जे झालं नाही ते कृष्णाच्या जाण्याने झालं.

माझं म्हणणं एवढंच. या काव्यांत स्वतःच्या मरणाने माणूस बदलत नाही, दुसऱ्याच्या मरणाने बदलतो. यक्षाला युधिष्ठिर तेच सांगतो: रोज माणसं यमाघरी जाताना दिसतात आणि उरलेल्यांना वाटतं आपण राहणार. आणि हे तो सांगतो तेव्हा चार भाऊ शेजारी निपचित पडलेले असतात.

वाघूर (जळगाव)
भाऊ, तुम्ही हवी तेवढीच पानं वाचली. त्याच तंबूत हेक्टरचा बाप प्रायम म्हणतो, मला बसायला सांगू नका, आधी मुलगा द्या. त्यावर अकिलीस कसा उसळतो ते का गाळलं? म्हाताऱ्या, मला डिवचू नकोस, नाहीतर तुलाही सोडणार नाही, असा दम देतो. दासींना हेक्टरचं प्रेत प्रायमच्या नजरेआड धुवायला लावतो, कारण बापाचा तोल गेला तर आपलाही जाईल आणि आपण त्याला मारू, हे त्याला ठाऊक आहे. आणि दिलं काय? अंत्यविधीपुरता वेळ. बाराव्या दिवशी पुन्हा लढाई.

तुमचा अर्जुन. अस्त्रं आठवत नाहीत, कृष्ण गेला, आणि तरी महाप्रस्थानाला निघताना गांडीव याच्या खांद्यावर! लोभ सुटत नाही. अग्नीला वाटेत उभं राहून परत मागावं लागतं. युधिष्ठिर स्वर्गात पोचतो आणि दुर्योधनाला आसनावर बसलेला बघून संतापतो. सगळे मेले, स्वतः देहानिशी वर आला, तरी राग तोच. बदलला कोण?

आता घरचं सांगतो. माझ्या काकांचा तरुण मुलगा गेला. गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे उत्तरकार्यापर्यंत, माणूस एक शब्द बोलला नाही. आम्हाला वाटलं आता हे वारीला लागतील. महिना-दोन महिन्यांत सालदाराचे खाडे पूर्वीपेक्षा कडक कापायला लागले. दुसऱ्याच्या मरणाने माणूस बदलतो म्हणे. माणूस होता त्याहून घट्ट होतो.

एरंडोलची
तुम्ही दोघं राजांच्याच मागे का लागलात? आमच्या गावाला एकचक्रा म्हणतात, पांडववाडा दाखवतात, पद्मालयाकडे भीमकुंड दाखवतात. खरी एकचक्रा कुठली यावर भांडायला मी आलेली नाही. पण बकासुराच्या पाळीचं ते घर आठवा. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मला तरी कधीतरी परक्या घरी जायचंच आहे, मीच जाते. आणि बोबडं बोलणारं पोर हातात गवताची काडी घेऊन म्हणतं, हिने मी राक्षसाला मारतो. रडणारे सगळे क्षणभर हसतात. मरणाबद्दल याहून खरं बोलणं अठरा पर्वांत मला सापडलं नाही. तिथे कीर्ती नाही, स्वर्ग नाही. कोण गेलं तर मागच्यांचं कमी नुकसान होईल, एवढाच हिशेब आहे.

बहाळची माय
मी अहिराणीमाच लिखस, ज्याले समजाव नही त्यानी सोडी द्या. वर गिरणाकाठ भाऊनी लिखं, ‘आभीर लुटारू’. भाऊ, तुम्ही चाळीसगावना. आभीर म्हणजे कोण? आपलाच ना! आमले लुटारू म्हनतस आन् बठ्ठा गुमान ऐकी लेतस?

गिरणाकाठ
ताई, ग्रंथात तसं आहे म्हणून लिहिलं. विषय अर्जुनाचा होता.

बहाळची माय
आता मराठीत सांगते, म्हणजे पुण्याकडच्यांनाही कळेल. पुण्याच्या एका कॉलेजात मी ‘मला’ऐवजी ‘माले’ म्हटलं तर पूर्ण वर्ग हसला होता. बाईसुद्धा हसल्या. वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. आता ग्रंथातही आम्ही दरोडेखोर. तुम्हाला अकिलीसचा बाप आठवून रडू येतं, आमचं काही नाही.

निवृत्त मास्तर, अमळनेर
ताई, राग योग्य, पण भूगोल बघा. मौसलपर्वातला तो प्रसंग पंचनदातला आहे, म्हणजे पंजाबकडचा. खानदेशाचा त्यात संबंध नाही. आभीर नावाचे लोक पुष्कळ ठिकाणी होते. नाशिकच्या पांडवलेण्यात ईश्वरसेन या आभीर राजाच्या काळचा शिलालेख आहे, आणि त्यात कसली नोंद आहे? आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेवलेल्या ठेवीची. लूट त्यात नाही. हे शाळेत शिकवायला हवं होतं.

तापीचा गाळ
मास्तर, मग अहिराणी आभीरांची की नाही ते एकदा स्पष्ट सांगा. सोयीचं असेल तेव्हा आभीर आमचे, लूट निघाली की पंजाबातले. हे चालणार नाही.

निवृत्त मास्तर, अमळनेर
नावावरून नातं बहुतेक अभ्यासक मानतात. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीही आभीरांच्या बोलीला अपभ्रंशात धरतो. पण बोलीचं नातं असलं म्हणून हजारो वर्षांपूर्वीच्या एका टोळीच्या कृत्याचा जाब तुम्हाला द्यावा लागत नाही. यात सोय कुठे आली?

तापीचा गाळ
आणि लुटलं तर बिघडलं काय? ज्या अर्जुनाने खांडववन जाळलं, आतल्या नागांना पळूही दिलं नाही, त्याला अखेरीस काठ्या घेतलेल्या साध्या माणसांनी हरवलं. मला त्याचा अभिमान आहे.

बहाळची माय
आत्ता कशे बोलनात!

वाघूर
त्यात बायका पळवल्या गेल्या, ताई. अभिमान जरा जपून.

बहाळची माय
ते मला वाचता येतं. आणि काही बायका आपल्या मर्जीने गेल्या असंही तिथेच लिहिलंय, ते तुम्ही वाचलं का? त्यांची बाजू कोणी लिहिली?

गिरणाकाठ
हात जोडतो, आभीरांचा धागा वेगळा काढा. हा मरणावर आहे.

चोपड्याची लेक
ताईंनी बायकांचं काढलं म्हणून बोलते, आणि हे मरणावरच आहे. एवढी चर्चा झाली, स्त्रीपर्वाचं नाव कोणी घेतलं नाही. वाघूरदादा, तुम्हाला ‘बदलला कोण’ हवंय ना? गांधारी. जन्मभर डोळ्यांवर पट्टी. शंभर मुलं मेल्यावर व्यासांच्या वराने तिला सगळं रणांगण दिसतं. पट्टीखालून नजर पडली तर युधिष्ठिराच्या पायाची नखं काळवंडतात, इतका राग आहे तिच्यात. आणि तीच बाई कोणासाठी रडते? दुर्योधनासाठी रडतेच, पण अभिमन्यूचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या उत्तरेसाठीही रडते. तिच्या मुलांना मारणाऱ्यांच्या घरातली ती सून. तिची लेक दुःशला नवऱ्याचं, जयद्रथाचं डोकं शोधत फिरते, ते ती बघते. मग ती कृष्णाला शाप देते: तू थांबवू शकत होतास, थांबवलं नाहीस, छत्तिसाव्या वर्षी तुझंही कूळ असंच आपसात मरेल. जी बाई लग्नापासून न बघायचं ठरवून बसली होती, ती शेवटी दोन्हीकडची प्रेतं नीट बघते आणि ज्याला कोणी विचारत नव्हतं त्याला जाब विचारते.

माझी आई सिव्हिलला नर्स होती. ती सांगायची, पुरुष वॉर्डाबाहेर जाऊन रडतात, प्रेताचं तोंड पुसायला बायका थांबतात. गंधमुक्तीला मात्र माईक पुरुषांच्या हातात, भाषणं पुढाऱ्यांची. तुमच्या चर्चेतही तेच चाललंय.

वाघूर
शाप म्हणजे बदल? सूडच तो.

चोपड्याची लेक
सूड एका बाजूचा असतो. तिने दोन्ही बाजूंची मुलं मोजली.

नंदुरबारहून
उशिरा आलो. बदलायचं असेल तर मरण लागतं, हे गिरणाकाठ दादांचं म्हणणं धरलं तर अश्वत्थाम्याचं काय? ज्याला मरणच नाही, त्याने कसं बदलायचं?

सौप्तिक पर्वातला शाप आठवा. तीन हजार वर्षं एकटा फिरशील, अंगाला रक्त-पुवाचा वास येईल, कोणी बोलणार नाही. मरण काढून घेतलं, ही शिक्षा. आणि हाच माणूस त्याच्या दोनच दिवस आधी, दुःशासन पडल्यावर, कर्णपर्वात दुर्योधनाचा हात धरून म्हणतो, आता पुरे, तह कर. बाप गेलेला असूनही म्हणतो. मग दुसऱ्या दिवशी रात्री वडाखाली झोपलेले कावळे घुबडाने मारलेले बघतो आणि उठून झोपलेल्यांच्या छावणीत शिरतो. म्हणजे बापाच्या मरणाने नाही, एका घुबडाने बदलला. तुमचा नियम इथे मोडतो.

पण माझा मुद्दा पुढचा आहे. धडगाव तालुक्यात अस्तंभा शिखर आहे. धनत्रयोदशीला तिथे यात्रा असते, गुजरात-मध्यप्रदेशातूनही माणसं येतात, रात्री डोंगर चढतात. मी वडिलांबरोबर गेलो होतो. धुकं होतं, पुढचा माणूस दिसत नव्हता, आमच्यातली दोन पोरं मागे राहिली. वडील अजिबात घाबरले नाहीत. म्हणाले, वाट चुकली तर तो दाखवतो. ‘तो’ म्हणजे अश्वत्थामा. आमच्याकडे अशीच श्रद्धा आहे: कपाळाच्या जखमेला तेल मागतो आणि चुकलेल्याला रस्त्याला लावतो. पहाटे पोरं वर पोचली. कोणी आणलं ते मी विचारलं नाही.

ग्रंथाने ज्याला म्हटलं, तुझ्याशी कोणी बोलणार नाही, त्याच्याशी सातपुड्यातली माणसं दरवर्षी बोलायला जातात. झोपलेली पोरं मारणाऱ्याला त्यांनी पोरांची वाट दाखवायचं काम दिलं. हा बदल व्यासांनी लिहिला नाही. तरी तो झाला.

तापीचा गाळ
तेल-जखमेची गोष्ट मूळ ग्रंथात नाही. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली, तीत बघा.

नंदुरबारहून
मी ग्रंथात आहे असं म्हटलंच नाही. डोंगरावर आहे म्हटलं. मगाशी आभीरांसाठी तुम्हीच भांडलात, आता आमच्या लोकांची गोष्ट आली तर आवृत्ती दाखवता?

बहाळची माय
बरोबर बोलनात भाऊ.

वाघूर
ठीक. अस्तंभ्याचं मान्य करतो, पण एवढंच की त्याला लोकांनी बदललं, तो स्वतः बदलला नाही. गांधारीबद्दल चोपड्याच्या ताईंना द्यायला उत्तर माझ्याकडे आज नाही. स्त्रीपर्व पुन्हा काढतो. अकिलीसबद्दल एक अक्षर मागे घेत नाही. ज्याला शत्रूच्या बापाला प्रेत दाखवायची भीती वाटते तो बदललेला माणूस नव्हे.

गिरणाकाठ
ज्याला स्वतःच्या रागाची भीती वाटायला लागली, तो बदललेला माणूस. पहिल्या सर्गात आपल्याच सेनापतीपुढे, अगामेम्नॉनपुढे तलवारीला हात घालणाऱ्याला ती भीती नव्हती. तेव्हा अथीनाला येऊन त्याचे केस धरावे लागले. चोविसाव्यात कोणी देवी केस धरत नाही. तो स्वतःच प्रेत आड ठेवायला सांगतो, आणि धुतल्यावर स्वतःच्या हातांनी उचलून तिरडीवर ठेवतो. वाघूरभाऊ, या दोन जागा समोरासमोर ठेवून वाचा आणि मग लिहा.