एएचयूच्या दाराला पावसाळ्यात घाम फुटतो: दार जाड घ्यावे, की आधी खिडक्या बदलाव्यात?

प्रश्न: पॅकहाऊस, वरुड तालुका

नमस्कार. आमच्या शेतकरी गटाचे वरुड तालुक्यात छोटे पॅकहाऊस आहे. ऑक्टोबरपासून संत्र्याचे आणि उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत कागदी लिंबाचे ग्रेडिंग तेथे चालते. हॉल २४ अंशांवर ठेवावा लागतो. त्यासाठीचे एएचयू, म्हणजे हवा थंड करून डक्टमधून (हवेच्या नळीतून) हॉलमध्ये पाठवणारे यंत्र, शेजारच्या खोलीत आहे आणि जागा नसल्यामुळे पुठ्ठ्याची खोकीही त्याच खोलीत रचलेली असतात.

पावसाची झड लागली की या यंत्राच्या ब्लोअरपुढील दाराला, म्हणजे थंड हवा डक्टमध्ये जाते त्या बाजूच्या दाराला, इतका घाम फुटतो की खाली ओल साचून खोक्यांचा सर्वांत खालचा थर मऊ पडतो. मागच्या आठवड्यात चाळीस खोकी फेकावी लागली. दार २५ मिलिमीटर पफ (उष्णता अडवणारा पॉलियुरेथेन फोम) भरलेले आहे, चौकट ॲल्युमिनियमची आहे आणि ते बाहेरच्या बाजूला उघडते. ज्यांनी यंत्र बसवले ते ५० मिलिमीटरचे नवीन दार घ्या म्हणतात. आमच्या संचालकांचे मत वेगळे आहे. पश्चिमेच्या भिंतीत एकेरी काचेच्या सहा सरकत्या खिडक्या आहेत, त्या दुहेरी काचेच्या कराव्यात म्हणजे यंत्रावरचा भारच कमी होईल, असे त्यांना वाटते. पैसे एकाच कामापुरते आहेत. आधी काय करावे? आणि दाराला आत पाहण्यासाठी काच बसवून घेणे योग्य ठरेल का?

उत्तर १: वातानुकूलन दुरुस्ती, अमरावती

भाऊ, नवीन दाराची ऑर्डर देण्याआधी पाणी नेमके कुठे धरते ते बघा. दाराच्या मधोमध हात फिरवून तो भाग कोरडा लागत असेल आणि ओल फक्त कडेला असेल, तर दोष पफच्या जाडीत नाही.

हिशेब असा आहे. झडीच्या दिवसात खोलीत २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता धरली, तर दवबिंदू सुमारे २५ अंशांवर येतो. म्हणजे २५ पेक्षा थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी धरणार. आत १३ अंशांची हवा असताना २५ मिलिमीटर चांगल्या पफचा बाहेरचा पत्रा साडेसव्वीस अंशांच्या आसपास राहतो, तर ५० मिलिमीटर केल्यास तो सत्तावीस अंशांच्या थोडा वर जातो. दोन्ही कोरडेच राहायला हवेत. आता चौकट बघा. ॲल्युमिनियम पफच्या आठ हजार पटींहून अधिक उष्णता वाहून नेते, त्यामुळे आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा एकाच अखंड पट्टीने जोडलेले असतील तर त्या पट्टीतून थंडावा थेट बाहेर येतो. पफ कितीही जाड केला तरी ती वाट बंद होत नाही.

दुसरे कारण दाबाचे, आणि तुमच्या वर्णनावरून मला त्याचाच संशय जास्त आहे. फिल्टर आणि कॉइलच्या (हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या) बाजूला ब्लोअर हवा ओढत असतो, तेथील दार बाहेर उघडणारे असले तरी ओढीनेच घट्ट बसते. ब्लोअरच्या पुढे उलट स्थिती असते. तेथे ४० मिलिमीटर पाण्याइतका दाब असेल, तर ६० बाय १२० सेंटिमीटरच्या दारावर आतून जवळपास २९ किलोचा जोर पडतो. एवढा जोर बाहेर उघडणाऱ्या दाराला रात्रंदिवस रेटत राहिला, तर हँडलच्या बाजूचे रबर हळूहळू सैल होते, थंड हवा फटीतून झिरपते, दाराची कड गार पडते आणि तिच्यावर पाणी धरते. त्या बाजूचे दार आत उघडणारे असावे, म्हणजे हाच जोर ते घट्ट दाबून धरतो.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. यंत्र बंद करून आत पेटलेली बॅटरी ठेवा, दार लावा, खोलीतला दिवा मालवा आणि कुठून उजेड दिसतो ते पाहा. मग यंत्र सुरू करून दाराच्या कडेने उदबत्ती फिरवा. धूर जिथे बाहेर ढकलला जाईल तिथे गळती आहे.

उत्तर २: पॅनेल फॅब्रिकेशन, हिंगणघाट

वरील उत्तराशी मी सहमत आहे. दार बनवणारा म्हणून काही गोष्टी जोडतो. नवीन दार घ्यायचेच झाले तर जाडी विचारण्याआधी चौकटीच्या कोपऱ्याचा कापलेला तुकडा दाखवायला सांगा. आतली आणि बाहेरची धातूची पट्टी यांच्यामध्ये नायलॉनची किंवा पीव्हीसीची पट्टी दिसली पाहिजे. आरपार जाणारे स्क्रू नसावेत. प्रत्येक आरपार स्क्रूच्या डोक्यावर पावसाळ्यात पाण्याचा एकेक थेंब लटकलेला मी पाहिला आहे. बिजागऱ्या नायलॉनच्या आणि मागे-पुढे सरकवता येणाऱ्या घ्या, म्हणजे रबर बसले की दार पुन्हा आवळता येते. रबर ईपीडीएमचे (एक टिकाऊ कृत्रिम रबर), आतून पोकळ असावे आणि त्याचा जोड खालच्या कोपऱ्यात न येता वरच्या बाजूला यावा.

आत पाहण्याची काच जरूर बसवा, मात्र दुहेरी. एकेरी काच स्वतःच घाम धरेल आणि आतले काही दिसणार नाही. फिल्टर-कॉइलच्या बाजूच्या दाराला ती जास्त उपयोगी पडते. कॉइलवरून गळणारे पाणी गोळा करणारा ड्रेन ट्रे तुंबला का, हे दार न उघडता समजते. सोबत आत एक दिवा लावून त्याचे बटण बाहेर घ्यावे.

उत्तर ३: शीतगृह चालक, काटोल

खिडक्यांबद्दल लिहितो, कारण हीच चूक मी स्वतः केली आणि दोन उन्हाळे पस्तावलो. तुमची प्रत्येक खिडकी चार बाय चार फुटांची धरली, तर सहा मिळून सुमारे ९ चौरस मीटर काच होते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना एकेरी काचेऐवजी दुहेरी साधी काच लावल्यास उष्णतेची आवक साधारण अर्ध्या किलोवॅटने कमी होते. पण पश्चिमेचे तिरपे ऊन त्याच काचांतून साडेतीन किलोवॅटच्या घरात उष्णता आणते, म्हणजे यंत्राचा जवळजवळ एक टन त्यातच जातो, आणि साधी दुहेरी काच ते ऊन फारसे अडवत नाही. ऊन काचेच्या बाहेरच अडवावे लागते. वरचा आडवा छज्जा पश्चिमेला कामाचा नाही, कारण चार वाजता सूर्य त्याच्या खालून आत येतो. मी भिंतीपासून दोन फूट अंतरावर उभ्या चौकटीत हिरवी शेडनेट ताणली आहे. सरकत्या खिडक्यांच्या रुळांमधून वाराही येतो. उघडण्याची गरज नसलेल्या चार खिडक्या सिलिकॉनने बंद कराव्यात.

शिवाय तुमची खोकी भिजतात ती जुलैत, आणि यंत्राच्या खोलीत. हॉलच्या खिडक्या बदलून त्या खोलीतली ओल कमी होणार नाही.

उत्तर ४: रुग्णालय देखभाल विभाग, चांदूर बाजार

एक कळकळीची विनंती. दाब असलेल्या बाजूचे बाहेर उघडणारे दार यंत्र चालू असताना कधीही उघडू नका; खटका सुटताच ते तोंडावर येते. आमच्या एका सहकाऱ्याच्या मनगटाचे हाड असेच मोडले. आपल्याकडे वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा भरवसा नसतो. वीज गेली म्हणून आत हात घातला आणि वीज येताच ब्लोअर फिरला, असे होऊ शकते. दार उघडण्यापूर्वी आयसोलेटर (यंत्राची वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद करून त्याला कुलूप लावावे, किल्ली आत काम करणाऱ्याच्याच खिशात असावी आणि बेल्ट पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी.

प्रश्नकर्त्याकडून: पॅकहाऊस, वरुड तालुका

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बॅटरी ठेवून पाहिले. हँडलच्या बाजूला खालच्या कोपऱ्यापासून वर वीतभर लांबीची उजेडाची रेघ स्पष्ट दिसली, आणि उदबत्तीचा धूर तिथेच बाहेर फेकला गेला. रबराचा जोड नेमका त्याच कोपऱ्यात आहे आणि रबर दबून सपाट झाले आहे. दाराचा मधला भाग पूर्ण कोरडा आहे. बिजागऱ्यांच्या स्क्रूंवर मात्र थेंब आहेत, म्हणजे चौकटीचा दोषही थोडा आहेच.

तूर्त रबर बदलून हँडलच्या बाजूला आणखी दोन खटके बसवत आहोत. खोकी आजच हॉलमध्ये हलवली. आत उघडणारे दार बसवायला ब्लोअर आणि दार यांच्यामध्ये फक्त ५० सेंटिमीटर जागा आहे आणि दार ६० सेंटिमीटर रुंद आहे. ते दोन अरुंद झडपांचे करून घेता येईल का, हे हिंगणघाटच्या दादांनी कृपया सांगावे.

उत्तर ५: पॅनेल फॅब्रिकेशन, हिंगणघाट

करता येईल, पण दोन झडपांमध्ये आणखी एक उभा सांधा येतो आणि तोही सांभाळावा लागतो. त्यापेक्षा ४५ सेंटिमीटर रुंदीचे एकच दार घ्या आणि उरलेल्या रुंदीत पक्के पॅनेल बसवा. मात्र त्याआधी ब्लोअरची मोटर ४५ सेंटिमीटरच्या वाटेतून बाहेर निघते का, ते टेप लावून मोजा.