तव्याला बोट लागल्यावर हात आधी मागे येतो आणि दुखते नंतर, असे का?

पंचवटीकर_एफवाय:
मी नाशिकमध्ये बी. ए.च्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र शिकत आहे. मेंदू आणि चेतासंस्था या प्रकरणाच्या आरंभी शरीराच्या सर्व हालचालींवर मेंदूचे नियंत्रण असते असे म्हटले आहे, आणि पुढे प्रतिक्षिप्त क्रियेत, म्हणजे विचार न करता आपोआप होणाऱ्या झटपट हालचालीत, मेंदूचा संबंध येत नाही असेही लिहिले आहे. परवा भाकरी उलटताना माझे बोट तव्याला लागले. हात झटकन मागे आला, मग चटका जाणवला आणि खरी आग तर गॅस बंद करायला दुसरा हात पुढे केला तेव्हा सुरू झाली. दुखले म्हणून हात मागे घेतला असे आपण म्हणतो. पण दुखणेच नंतर आले असेल, तर हात कोणाच्या सांगण्यावरून हलला? शिवाय, सांडशी हाताशी नसली की आई दुधाचे तापलेले पातेले पदराने धरून ओट्यापर्यंत नेते. चटके बसत असूनही तिचा हात का सुटत नाही?

गंगापूररोड_निवृत्त:
बोटाच्या त्वचेतून निघालेला संदेश संवेदी चेतापेशीच्या तंतूतून मानेच्या भागातील मेरुरज्जूत (पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या चेतारज्जूत) शिरतो. तेथे सहयोगी चेतापेशी तो प्रेरक चेतापेशींकडे सोपवतात आणि कोपर वाकवणारे स्नायू आकुंचन पावतात. त्याच क्षणी कोपर सरळ करणाऱ्या स्नायूला सैल पडण्याची सूचना जाते, नाहीतर दोघांच्या ओढाताणीत हात तव्यावरच राहिला असता. ही दुसरी बाजू नोट्समध्ये सहसा गाळलेली असते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी तिचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना १९३२ मध्ये एडगर एड्रियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

मेरुरज्जूत शिरलेला तोच संदेश वर मेंदूकडेही जातो, आणि आपण ज्याला दुखणे म्हणतो ते तेथे पोहोचल्यावर घडते. म्हणजे दुखणे हे हात मागे येण्याचे कारण नाही. दोन्ही एकाच संदेशाचे परिणाम आहेत आणि त्यांतील एकाची वाट आखूड आहे. चटका आणि आग यांत तुम्हाला जाणवलेले अंतर मात्र तंतूंच्या जातीमुळे पडते. मायलिन या स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असलेले तंतू वेदनेचा संदेश सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने नेतात, तर आवरण नसलेले बारीक तंतू ०.५ ते २ मीटर वेगाने. बोटापासून मानेपर्यंतचे अंतर जेमतेम मीटरभर धरले, तरी सावकाश येणाऱ्या आगीला अर्धा ते दोन सेकंद लागतात. तुमचा दुसरा हात गॅसच्या बटणापर्यंत पोहोचायलाही तेवढाच वेळ लागला असेल.

जाता जाता सांगतो, चेतातंतूंतील वेग मोजताच येणार नाही असे शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांचे मत होते. त्यांचेच शिष्य हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या चेतातंतूत तो मोजला आणि सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला. म्हणजे मुंबई-आग्रा महामार्गावरील भरधाव मोटारीइतकाच.

फिजिओ_नाशिकरोड:
मेरुरज्जूला गंभीर इजा झालेल्या रुग्णांकडे पाहिले की हे सारे उघड दिसते. इजेनंतर काही काळ इजेखालच्या भागातील प्रतिक्षिप्त क्रिया मंदावलेल्या किंवा बंद असतात. मग त्या हळूहळू परततात. अशा रुग्णाच्या तळपायाला टोकदार वस्तू लावली, की घोटा, गुडघा आणि खुबा वाकून पाय वर ओढला जातो, पण रुग्ण खिडकीकडे पाहत असेल तर आपला पाय हलला हे त्याला कळतही नाही. नातेवाईक आनंदाने धावत सांगायला येतात आणि ही हालचाल म्हणजे चालण्याची सुरुवात नव्हे, हे समजावताना मला प्रत्येक वेळी शब्द जुळवावे लागतात.

तुमच्या आईच्या पातेल्याचे उत्तरही येथेच आहे. अशा रुग्णांत ही क्रिया पुष्कळदा नेहमीपेक्षा जोरकस होते, कारण वरून येणारे दमन करणारे तंतू तुटलेले असतात. धडधाकट माणसाच्या मेंदूची मेरुरज्जूवर सतत पकड असते. पातेले गरम आहे, दूध सांडले तर पायावर पडेल, हे आईला उचलण्यापूर्वीच ठाऊक असते आणि त्या तयारीने क्रिया दाबून धरली जाते. तुमचे बोट तव्याला नकळत लागले, त्यामुळे अशी तयारी करायला तुमच्या मेंदूला सवडच मिळाली नाही. अर्थात पदराच्या घड्यांचेही श्रेय त्यात आहे; उघड्या हाताने लालबुंद तवा कोणीच धरून ठेवणार नाही.

पंचवटीकर_एफवाय:
दोघांचेही आभार. माझ्या वहीतील आकृतीत मेंदू काढलेलाच नव्हता. आता वर जाणारी एक आणि खाली येणारी एक अशा दोन रेषा जोडल्या आहेत. खाली येणारी रेषा सहयोगी चेतापेशीवर थांबवावी, की प्रेरक चेतापेशीपर्यंत न्यावी?

गंगापूररोड_निवृत्त:
मुख्यतः सहयोगी चेतापेशीवरच थांबवा. बोटांच्या बारीक हालचालींसाठी मेंदूतून निघालेले काही तंतू थेट प्रेरक चेतापेशीपर्यंत येतात, पण पहिल्या वर्षाच्या आकृतीत ती रेषा तुटक दाखवली तरी चालेल.