मदत हवी आहे: इंजिन स्टार्टच होत नाहीये, उद्या क्रॉस-कंट्री

भरारी२००:
आज दुपारी तीनदा प्रयत्न केला, इंजिन सुरू झालं नाही. प्रॉप (पुढचा पंखा) फिरतो, इंजिन एक-दोनदा पकडल्यासारखं करतं आणि मरतं. चेकलिस्ट तंतोतंत पाळली होती. सकाळी याच विमानाने काही त्रास दिला नव्हता. सॉर्टी (उड्डाण) रद्द झाली. उद्या सीपीएलसाठीची (व्यावसायिक पायलट परवाना) ३०० नॉटिकल मैलांची सोलो आहे, दोन मैदानांवर उतरून इंजिन बंद करायचंय आणि तिथे माझ्याबरोबर कोणी नसेल. ज्यांना माहीत आहे त्यांनी प्लीज लवकर सांगा.

वैनतेय:
विमान कुठलं? कार्ब्युरेटर की इंजेक्शन?

भरारी२००:
सेसना १७२ आहे. ट्रेनिंगला दुसरं काय असणार?

वैनतेय:
अरे, १७२ मध्येही फरक आहे. जुन्या एम, एन मॉडेलना कार्ब्युरेटर, आर आणि एसला इंजेक्शन. सुरू करायची रीतच वेगळी.

भरारी२००:
एस. लायकमिंग आयओ-३६०.

किकस्टार्ट:
बॅटरी बघ आधी. माझी बुलेट दर उन्हाळ्यात हेच करते. बॅटरी बदलली की पहिल्या किकला सुरू. पंधरा वर्षांचा अनुभव आहे.

वैनतेय:
प्रॉप फिरतोय म्हणाला ना तो. भरारी, जोरात फिरत होता की जड जड?

भरारी२००:
जोरात. बॅटरी नाही वाटत.

नभांगण_काका:
आमच्या वेळी असं झालं की मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) बंद करून प्रॉप हाताने चार फेरे उलटा फिरवायचो. सिलिंडरमधलं पेट्रोल निघून जातं आणि लगेच सुरू होतं. करून बघ.

स्पॅनर_ताई:
काका, तुमचा मान ठेवून सांगते, हा सल्ला एकट्या विद्यार्थ्याला देऊ नका. किल्ली ऑफ केली म्हणजे मॅग्नेटो मेला असं नसतं. त्याची ग्राउंडची तार तुटली असेल तर तो जिवंतच राहतो, त्याला बॅटरी लागत नाही. त्यात इम्पल्स कपलिंग प्रॉप हळू फिरतानाही दणदणीत ठिणगी देतं, ते त्यासाठीच बसवलेलं असतं. गरम सिलिंडरमध्ये पेट्रोल, वर ही ठिणगी आणि समोर माणसाचा हात. भरारी, उद्या कुठल्याही परिस्थितीत प्रॉपला हात लावायचा नाही.

नभांगण_काका:
तीस वर्षं केलंय ताई, कोणाला ओरखडा नाही.

स्पॅनर_ताई:
तुम्हाला शिकवणारे शेजारी उभे असायचे. उद्या याच्या शेजारी कोणी नाही.

भरारी, मी एएमई आहे, विमान दुरुस्तीची इंजिनिअर. चार गोष्टी सांग. इंजिन बंद करून किती वेळ झाला होता? प्राइम केलंस का, म्हणजे आधी पंपाने पेट्रोल आत सोडलंस का? एका वेळी स्टार्टर किती सेकंद दाबलास? खाली काही टपकत होतं का?

जेटबाबा:
हे सरळ हॉट स्टार्ट आहे. ईजीटीवर (एक्झॉस्टच्या तापमानावर) लक्ष ठेवायचं. सीएफएम५६-५बी जेट इंजिनला जमिनीवर स्टार्ट करताना मर्यादा ७२५ अंश. तापमान तिकडे धावायला लागलं की इंधन बंद करून ड्राय क्रँक, म्हणजे नुसतं फिरवायचं.

वैनतेय:
सर, ते एअरबसचं. तिथे हॉट स्टार्ट म्हणजे तापमान मर्यादेबाहेर जाणं. इथे म्हणजे आधीच गरम असलेलं पिस्टन इंजिन सुरू करणं. शब्द एक, रोग दोन.

भरारी२००:
बाऊजरने (टँकरने) इंधन भरलं, साधारण पंचवीस मिनिटं गेली. बाहेर ४२ डिग्री. प्राइम केलं, दर वेळी पंप लावून पाचेक सेकंद, चेकलिस्टमध्ये आहे तसं. स्टार्टर पंधरा-वीस सेकंद. आणि हो, नाकाखाली निळे थेंब पडत होते, पेट्रोलचा वासही होता. ते नेहमीचंच समजलो.

स्पॅनर_ताई:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. ते निळे थेंब १००एलएलचे, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचे. तू इंजिन फ्लड केलंस, म्हणजे जादा पेट्रोल ओतलंस, तेही तीनदा.

तू पाळलीस ती थंड इंजिनची पद्धत. इंजिन चालू असताना कौलिंगमधून (इंजिनवरच्या झाकणातून) वारा जात असतो. बंद केलं की वारा थांबतो आणि सिलिंडरची उष्णता वर चढते. वर सिलिंडरना पेट्रोल वाटणारा फ्लो डिव्हायडर आणि त्याच्या बारीक नळ्या असतात. नळ्यांतलं पेट्रोल उकळतं, वाफ होते, थोडं नॉझलमधून इनटेकमध्ये ढकललं जातं. म्हणजे इंजिनला आधीच पेट्रोल मिळालेलं असतं. त्यावर तू पाच सेकंद आणखी ओतलंस.

गरम इंजिनला: प्राइम नाही, पंप बंद, मिक्श्चरचा लिव्हर आयडल कटऑफला (पेट्रोल बंद), थ्रॉटल पाव इंच उघडा. क्रँक कर (स्टार्टरने फिरव), पकडलं की मिक्श्चर सावकाश रिच, म्हणजे पुढे. फ्लड झालंच तर मिक्श्चर कटऑफ, थ्रॉटल अर्धा ते पूर्ण उघडा. पकडताक्षणी थ्रॉटल मागे, मिक्श्चर पुढे.

खान्देशी_पायलट:
ताई, मी नेहमी गरमलाही एक सेकंद पंप देतो. नळ्यांतली वाफ निघून जाते. कधी फसलो नाही.

वैनतेय:
एक सेकंद त्याच्या हातून पाच होतील. आधी प्राइमशिवाय बघू दे.

खान्देशी_पायलट:
तासभर उभं असलं की प्राइमशिवाय नुसतं फिरत राहतं. अनुभव घ्या.

स्पॅनर_ताई:
दोघांचंही खरं आहे, किती वेळ बंद होतं त्यावर ठरतं. नवख्याने आधी विनाप्राइमच बघावं. सुरू झाल्यावर अडखळलं तर ऑक्झिलरी पंप थोडा वेळ चालू.

आणि स्टार्टर! १० सेकंद, मग २० सेकंद विश्रांती. असं तीनदा, नंतर १० मिनिटं थंड होऊ द्यायचा. वीस-वीस सेकंद दाबून स्टार्टर जळतो. क्रँक करताना आग दिसली तर घाबरून थांबू नकोस, क्रँक चालू ठेव, ज्वाळा आत ओढल्या जातात. पुढचं तुझ्या पीओएचमध्ये (विमानाच्या पुस्तिकेत) आहे, आज रात्री ते पान तोंडपाठ कर. आजचा प्रकार टेक लॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) लिहिलास का?

भरारी२००:
नाही. उद्याची सोलो जाईल अशी भीती वाटली.

स्पॅनर_ताई:
आत्ता इन्स्ट्रक्टरला फोन कर. तीनदा फ्लड झालेलं विमान कोणीतरी कौलिंग उघडून बघितल्याशिवाय जाता कामा नये.

स्वप्नील_आकाश:
माझ्या भावाला पायलट व्हायचंय. चष्मा चालतो का? खर्च किती येतो?

वैनतेय:
वेगळा धागा काढा प्लीज.

भरारी२००:
काल रात्री फोन केला. सकाळी एएमईंनी कौलिंग काढून सगळं तपासलं, इन्स्ट्रक्टरने माझ्याकडून गरम स्टार्ट दोनदा करून घेतला. त्यामुळे दीड तास उशिरा निघालो.

पहिल्या मैदानावर नाक वाऱ्याकडे करून उभं केलं. ऑइल बघायचं छोटं दार उघडलं, तर आतली गरम हवा थेट मनगटावर आली. वीस मिनिटं ते उघडंच ठेवलं. निघताना बंद करून खटका दोनदा तपासला. प्राइम नाही, थ्रॉटल पाव इंच. सातव्या-आठव्या सेकंदाला पकडलं. मिक्श्चर पुढे नेताना हात थरथरत होता. जरा अडखळलं, पंप लावला, स्थिर झालं. दुसऱ्या मैदानावर पहिल्या क्रँकला नाही पकडलं. २० सेकंद मोजले, दुसऱ्यांदा सुरू झालं. खाली एकही थेंब नव्हता.

ताई, वैनतेय, मनापासून आभार.

किकस्टार्ट:
तरी बॅटरी एकदा चेक करून घे.