सीएसआर कमिटीसमोर 15 मिनिटं: काय ठेवू, काय कापू?

गाळकरी: आमची संस्था तलावांतला गाळ काढते. एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक दायित्व निधी) कमिटीसमोर प्रत्यक्ष मांडणी करायची आहे. 12ए, 80जी (आयकराच्या नोंदण्या), सीएसआर-1 (सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी) सगळं तयार आहे. पण पीपीटी 32 स्लाइडची झालीय. सुरुवातीला संस्थेचा इतिहास, बजेट शेवटी. शिवाय यूट्यूबवरचा व्हिडिओ. कात्री कुठे लावू?

पाणलोट: 15 मिनिटांत बोलायला 9 धरा. बाकीची प्रश्नांना, आणि आधीची बैठक लांबली की तुमचीच मिनिटं जातात. म्हणून मागणी दुसऱ्याच स्लाइडवर: कोणता तलाव, किती गाळ, किती रुपये, कधीपर्यंत. काम पावसाआधी आटोपावं लागतं, तेव्हा मंजुरी मेमध्ये आली तर काय, याचं उत्तर तयार ठेवा. इतिहास एका वाक्यात. 8 स्लाइड पुरे.

नुसतं टीसीएम (हजार घनमीटर) लिहू नका, 1 टीसीएम म्हणजे 10 लाख लिटर हेही सांगा. मात्र गाळ काढल्याने साठवण क्षमता वाढते, पाणी तेवढं भरेलच असं नाही. या दोहोंची गल्लत केलीत, तर समितीतला एखादा इंजिनिअर तिथेच अडवेल.

जमाखर्च: बजेट घनमीटरमागे दाखवा: पोकलेनचं भाडं, डिझेल, देखरेख वेगवेगळं. प्रशासकीय खर्चाची 5 टक्के मर्यादा बऱ्याच संस्था स्वतःवर ओढून घेतात. ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला आहे.

गाळकरी: म्हणजे साइट सुपरवायझरचा पगार घालता येईल?

जमाखर्च: हो, तो प्रकल्पाच्या अंमलबजावणीचा थेट खर्च. फक्त ‘इतर’ या ओळीत लपवू नका. कंपनीची अंतर्गत मर्यादा वेगळी असू शकते, ती आधी विचारून घ्या.

प्रोजेक्टरवाला: व्हिडिओ ठेवायचाच तर 60 सेकंदांचा, फाइल लॅपटॉपवर, पाहुण्यांच्या वायफायवर यूट्यूब चालेलच असं नाही. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदला, नाहीतर दुसऱ्या मशीनवर त्याची नुसती चिन्हं दिसतात. कंपनीच्या लॅपटॉपवर यूएसबी बऱ्याचदा बंद असतं, म्हणून पीडीएफ आदल्या दिवशी ईमेल करा. एचडीएमआय अडॅप्टर स्वतःचा न्या.

पाणलोट: फोटोंचं राहिलं. एप्रिलचा कोरडा आणि ऑगस्टचा भरलेला तलाव शेजारी लावू नका. पावसाने कुठलाही तलाव भरतो. गाळ काढण्याआधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही वर्षांचे मार्चमधले, एकाच जागेवरून काढलेले घ्या आणि खाली त्या-त्या पावसाळ्यात किती मिमी पाऊस झाला ते लिहा.