पहिल्या हंड्याला फेस

(सोसायटीचा ग्रुप, विश्रामबाग, सांगली)

ए-१०२: साडेसहाला महापालिकेचं पाणी आलं. पहिला हंडा भरला तर वर हा एवढा फेस! वास सर्फचा. ओतून परत भरला, तरी थोडा होताच. आणखी कुणाकडं असं झालंय का?

बी-३०४: आमच्याकडं काही नाही. आम्हाला वरच्या टाकीचं येतं.

ए-२०३: काकू, हंडा नीट विसळला नसेल 😄

ए-१०२: चाळीस वर्षं हंडे घासतेय रे बाळा. फोटो टाकलाय, बघ.

सेक्रेटरी: महापालिकेत तक्रार देतो लगेच.

ए-३०१ काका: थांबा जरा. शेजारच्या बिल्डिंगमध्ये विचारलं मी, तिथं पाणी स्वच्छ आहे. म्हणजे जे काय झालंय ते आपल्याच गेटाच्या आत. पार्किंगच्या नळाला गाडी धुवायचा पाईप लावलेला असतो, तो कुठं पडलाय बघायला सांगा वॉचमनला.

सेक्रेटरी: निळ्या बादलीत आहे पाईप. नळ उघडाच, बादली भरून वाहतेय. वॉचमन म्हणतो, रात्री ही सर्फच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली होती, पहाटे बघितली तर तळाला बोटभर.

ए-३०१ काका: मग कुणी प्यायलं ते?

ए-३०१ काका: काल संध्याकाळी पाणी गेलं, नळ उघडा राहिला, पाईपचं तोंड बादलीत बुडालेलं. लाईनमधला दाब गेला की पाणी उलटं फिरतं. स्टोव्हसाठी डब्यातनं रॉकेल काढायला नळी तोंडानं ओढायचो, तसंच. आता इथं ओढणारं तोंड कुणाचं ते बघायला पाहिजे. मला मोटरचा संशय आहे.

(वीस मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही.)

बी-१०४: काका, आमच्या टाकीत पण फेस आहे. सकाळपासून लिहू का नको करत होतो. नळाला धार बारीक म्हणून दिवाळीत छोटी मोटर लावली होती लाईनवर. काल बंद करायची राहिली.

सेक्रेटरी: थेट लाईनवर मोटर लावायची नाही, तीनदा टाकलंय ग्रुपवर.

ए-१०२: दिवाळीपासनंच आमची धार गेली होय! मी मीटरवाल्याला बोल लावत होते.

बी-१०४: सॉरी काकू. काढतो आजच.

ए-२०३: मीटरजवळ एक एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं फिरू न देणारी झडप, बसवून टाकू. विषय संपला.

ए-३०१ काका: बसवा की, पण काल त्याचा काही उपयोग झाला नसता. मोटर, बादली आणि वहिनींचा नळ, तिन्ही मीटरच्या आत. मीटरजवळचा एनआरव्ही आपली घाण बाहेर गावच्या लाईनीत जाऊ देत नाही, एवढंच. त्यात वाळूचा खडा अडकला तर झडप नीट मिटत नाही आणि बाहेरून कळतही नाही. सगळ्यात भरवशाची वस्तू फुकट आहे, हवा. नळाचं तोंड आणि खालचं पाणी जास्तीत जास्त जिथवर चढेल ती पातळी, यांच्यात पाईपच्या व्यासाच्या दुप्पट जागा मोकळी ठेवायची, निदान एक इंच. मग लाईन कितीही ओढू दे, हवाच ओढेल.

सेक्रेटरी: तुम्ही म्हणालात म्हणून खालच्या टाकीचं झाकण उघडलं. टाकीत पाणी सोडणारा बॉल कॉक पाण्यात बुडालेला आहे. ओव्हरफ्लोचा पाईप त्याच्या वर.

ए-३०१ काका: उलटं केलंय की ओ. ओव्हरफ्लो खाली घ्या. आणि तिथंच बोअरची लाईन महापालिकेच्या लाईनीला एका व्हॉल्व्हवर जोडलीय, ती कायमची तोडा. बोअरच्या मोटरचा दाब नळाच्या दाबापेक्षा जास्त. व्हॉल्व्ह थोडा जरी गळला तरी बोअरचं पाणी पिण्याच्या लाईनीत ढकललं जातं.

बी-३०४: एवढ्याशा साबणावरनं एवढी तोडफोड?

ए-३०१ काका: साबण होता म्हणून फेस तरी दिसला. जेट स्प्रे बाथरूमच्या बादलीत टाकून ठेवतात लोकं, ते पाणी ओढलं गेलं असतं तर काय दिसणार होतं? शिकागोत १९३३ साली हॉटेलांच्या प्लंबिंगमधनं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात गेलं आणि अमिबाच्या हगवणीनं ९८ माणसं दगावली. जागतिक प्रदर्शन चालू होतं, पाहुणे आपापल्या गावी परतून आजारी पडले, त्यामुळं लवकर पत्ताही लागला नाही.

ए-२०३: पण आपल्या पाण्यात क्लोरीन असतो ना?

ए-३०१ काका: नळापर्यंत लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरावा असं मानक आहे. बादलीभर घाण आली तर तेवढ्यानं काय होणार?

ए-१०२: मी हे उकळून वापरू का?

ए-३०१ काका: नको वहिनी. उकळून जंतू मरतात, साबण कुठं जातो? फेस आणि वास जाईपर्यंत नळ सोडा, त्या पाण्यानं जिना धुवा. हंडाही परत घासा. बी-१०४, तुम्ही टाकी पूर्ण रिकामी करून धुवा.

सेक्रेटरी: प्लंबर शनिवारी येतोय. पार्किंगच्या नळाशेजारी खिळा मारलाय, काम झालं की पाईप त्यावर टांगायचा. ती निळी बादली कुणाची आहे?

सेक्रेटरी: बादली कुणाची?

ए-२०३: माझी 🙏

ए-१०२: नीट विसळून घे हो बाळा.